तरुणांना विश्वासाचे समर्थन शिकवताना : नव्या युवक-मार्गदर्शकांसाठी

दहावी-बारावीपर्यंत मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, परिघात वाढलेली आपली मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जातात, तेव्हा वसतिगृहाच्या पहिल्या काही आठवड्यांतच त्यांच्यापुढे असे प्रश्न येतात, ज्यांची उत्तरे शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या बायबल-वर्गात) कोणी दिलेली नसतात. तुमचे तीन देव कसे, बायबल किती वेळा बदलले, तुमचे आजोबा कशासाठी बाटले, आणि आडनाव आमच्यासारखेच असताना तू ख्रिस्ती कसा? 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत ख्रिस्ती लोक एक टक्क्याहूनही कमी आहेत. त्यामुळे बहुतेक वर्गांत हे प्रश्न ज्याला विचारले जातात तो विद्यार्थी एकटाच असतो. अशा वेळी तो एकतर मान खाली घालून विषय टाळतो, नाहीतर चिडून समोरच्याच्या धर्मावर घसरतो. हा लेख त्या मुलांसाठी युवक गट चालवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर पहिल्यांदाच आली आहे अशा शिक्षक, पाळक, धर्मग्रामातील (पॅरिशमधील) कार्यकर्ते आणि पालक यांच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच उद्देश स्पष्ट असावा. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायातील पंधरावे वचन सर्वांना पाठ असते, पण ते बहुधा अर्धेच सांगितले जाते. आपल्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर देण्यास तयार असावे, एवढ्यावर ते वचन थांबत नाही. ते उत्तर सौम्यतेने आणि आदराने द्यावे, असेही तिथे म्हटले आहे. ज्यांना हे पत्र लिहिले गेले ते पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत विखुरलेले अल्पसंख्य लोक होते आणि त्यांच्याभोवतीचा समाज त्यांच्याकडे संशयाने पाहत होता. म्हणून ही सूचना आपल्या मुलांच्या परिस्थितीला नेमकी लागू पडते. आपण काय मानतो आणि का मानतो हे मुलाला खरेपणाने सांगता यावे आणि ते सांगताना विचारणाऱ्याचा मान राखला जावा, एवढेच या वर्गाचे उद्दिष्ट ठेवावे. वादात जिंकणारे वक्ते घडवायला निघालेला गट लवकरच आपल्याच मंडळीत भांडू लागतो.

पहिली पायरी : मुलांचे स्वतःचे प्रश्न

बाहेरच्यांचे प्रश्न हाताळण्याआधी गटातील मुलांच्या मनातले प्रश्न बाहेर यायला हवेत. पहिल्या बैठकीत प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्यावी, नाव लिहू नये असे सांगावे, आणि विश्वासाविषयी जे विचारण्याची आजवर हिंमत झाली नाही ते लिहायला सांगावे. चिठ्ठ्या सर्वांसमोर वाचताना हस्ताक्षरावरून अंदाज बांधू नये, कोणता प्रश्न ऐकून धक्का बसला ते चेहऱ्यावर दिसू देऊ नये, आणि त्या दिवशी एकाही प्रश्नाचे उत्तर देऊ नये. “प्रार्थना करूनही आई का गेली?” अशी चिठ्ठी निघाली तर तिचे उत्तर युक्तिवादाने द्यायचे नसते, त्या मुलाला पुढे एकांतात भेटण्याची वाट मोकळी आहे, एवढे सर्वांना उद्देशून सांगावे.

प्रश्न विचारणे म्हणजे विश्वास डळमळणे, असा समज आपल्या घरांत घट्ट बसलेला आहे आणि तो मोडण्यासाठी पंडिता रमाबाईंचे उदाहरण अवश्य द्यावे. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांनी त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही शिकवण), ख्रिस्ताचे देवत्व आणि चर्चचा अधिकार यांवर पत्रांतून जोरदार वाद घातला. आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे आणि ती दुसऱ्याच्या हाती देणार नाही, ही त्यांची भूमिका त्या पत्रांत स्वच्छ दिसते. याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले आणि मूळ हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर पूर्ण केले. प्रश्न विचारणारी व्यक्ती मंडळीबाहेर जाईलच असे नाही, हे मुलांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण आपल्या मातीत मला दिसत नाही.

दुसरी पायरी : गाभा निश्चित करणे

सर्व प्रश्नांना सारखे महत्त्व देऊ नये. उत्पत्तीतील सहा दिवसांचा अर्थ, स्त्रियांनी डोके झाकावे की नाही, बाप्तिस्मा बुडवून द्यावा की शिंपडून, यांवर ख्रिस्ती लोकांतच मतभेद आहेत आणि वर्गात तसे मोकळेपणाने सांगावे. गाभा मात्र थोडक्यात आणि स्वतःच्या शब्दांत सांगता आला पाहिजे : येशू कोण, तो वधस्तंभावर का मेला, तो पुन्हा उठला असे आपण का मानतो. यासाठी करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय पुरेसा आहे. हे पत्र साधारण इसवी सन 53 ते 55 च्या सुमारास, म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आतबाहेर लिहिले गेले. त्यात पौल आपल्याला परंपरेने मिळालेली साक्ष सांगतो, साक्षीदारांची यादी देतो आणि त्यांतील बहुतेक जण अजून हयात आहेत असेही नमूद करतो. प्रत्येकाने हा गाभा दोन मिनिटांत, बायबलमधील ठरावीक शब्द न वापरता सांगून पाहावा. ‘उद्धार’, ‘नवा जन्म’, ‘अभिषेक’ हे शब्द वर्ज्य केले की कोणाला खरोखर काय समजले आहे ते लगेच कळते.

तिसरी पायरी : समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल असे मांडणे

माझ्या मते या शिक्षणाचा सर्वांत मोलाचा भाग हा आहे आणि तोच सर्वाधिक वेळा वगळला जातो. ज्या मताला उत्तर द्यायचे ते मत, ते मानणाऱ्याने ऐकले तर “हो, मला हेच म्हणायचे आहे” असे तो म्हणेल, इतक्या प्रामाणिकपणे मुलाला मांडता आले पाहिजे. तोवर त्याला उत्तर देऊ देऊ नये. मूर्तिपूजा करणाऱ्या मित्राला आपण दगडापुढे वाकतो असे वाटत नसते; प्राणप्रतिष्ठा, सगुण-निर्गुण, ज्याची जशी श्रद्धा तसा देव, अशी त्याची स्वतःची मांडणी असते. ती जाणून घेण्यासाठी त्यालाच विचारावे. मुस्लिम मित्राचा आक्षेप देवाच्या एकत्वाच्या कळकळीतून येतो, आणि नास्तिक मित्राने घरात श्रद्धेच्या नावाखाली चाललेला अन्याय पाहिलेला असू शकतो.

महाराष्ट्रात या प्रकारच्या वादाची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे, आणि ती मुलांना दोन्ही बाजूंनी माहीत असावी. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात लोकांसमक्ष वादविवाद झाले आणि त्यांचा वृत्तान्त अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी प्रसिद्ध केला. विष्णुबावांचे आक्षेप आज वाचले तरी ताजे वाटतात; गटातील मोठ्या मुलांना त्यांतील एखादा आक्षेप देऊन तो विष्णुबावांच्या बाजूने मांडायला सांगावा. दुसरे उदाहरण नीळकंठशास्त्री गोरे यांचे. कोकणस्थ ब्राह्मण कुटुंबातील हे पंडित काशीत शास्त्रे शिकले, प्रथम ख्रिस्ती मताविरुद्ध संस्कृतमध्ये ग्रंथ लिहिला, आणि 1848 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. पुढे षड्दर्शनांची, म्हणजे हिंदू तत्त्वज्ञानाच्या सहा परंपरांची, चिकित्सा करणारा ग्रंथही त्यांनी लिहिला. त्यातील निष्कर्ष कोणाला पटोत न पटोत, ज्या दर्शनांवर त्यांनी लिहिले ती त्यांनी आधी आयुष्याची वर्षे देऊन अभ्यासली होती. आपल्या युवक शिबिरांत मात्र हिंदू तत्त्वज्ञान पाच मिनिटांत ‘खोडून’ दाखवले जाते, आणि तो प्रकार थांबवणे ही मार्गदर्शकाची जबाबदारी आहे.

ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. ज्ञानेश्वरी आणि गाथा यांच्याशी तोंडओळखही नसलेला मराठी ख्रिस्ती तरुण आपल्या शेजाऱ्याशी धर्माविषयी फार खोल बोलू शकेल असे मला वाटत नाही.

चौथी पायरी : इतिहासातील अवघड पाने

तरुणांना सर्वाधिक अडचण येते ती इतिहासाच्या प्रश्नांत, म्हणून यासाठी किमान तीन बैठका राखून ठेवाव्यात.

गोव्यातील धर्मन्यायालयाचा प्रश्न निघाला की आपली मुले एकतर “आम्ही प्रोटेस्टंट, तो विषय कॅथलिकांचा” असे म्हणून हात झटकतात, नाहीतर इतर राजवटींच्या अत्याचारांची यादी पुढे करतात. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. गोव्यात 1560 मध्ये हे धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) स्थापन झाले, मधला थोडा काळ वगळता ते 1812 पर्यंत चालले, त्याने नवख्रिस्ती लोकांना आणि हिंदूंना छळले, आणि 1736 च्या फर्मानाने लग्नसमारंभातील रूढी आणि पेहराव यांवरही बंदी घातली. हे येशूच्या नावाने घडले आणि ते अन्याय्य होते, असे विनाअट म्हणायला मुलांना शिकवावे. ‘पण’ हा शब्द त्या वाक्याला लगेच जोडू नये. एवढे मान्य केल्यावर समोरचा माणूस पुढे काही विचारील तर, येशूची शिकवण आणि त्याच्या अनुयायांचे वर्तन यांतील अंतराविषयी बोलता येते.

ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला, हा दुसरा प्रश्न. याचे उत्तर तथ्यांनी देता येते. केरळातील ख्रिस्ती समाज आपला आरंभ प्रेषित थोमाशी जोडतो. ती परंपरा बाजूला ठेवली तरी सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने मलबारात आणि ‘कल्लियाना’ या बंदरात ख्रिस्ती असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि अनेक अभ्यासक हे बंदर म्हणजे आपले कल्याण असे मानतात. ईस्ट इंडिया कंपनीने तर आपल्या व्यापाराला धक्का लागेल म्हणून दीर्घकाळ मिशनऱ्यांना दूर ठेवले. 1813 मध्ये मुंबईत उतरलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांना निघून जाण्याचा आदेश मिळाला होता. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने धोरण बदलले आणि मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. यापुढच्या काळात मिशन आणि साम्राज्य यांचे संबंध कधी ताणलेले, कधी सोयीचे राहिले. सोयीचे होते तेव्हाचा लाभ मिशनला मिळाला, हेही झाकू नये.

पूर्वज कशाच्या लोभाने बाटले, हा तिसरा प्रश्न सर्वांत बोचरा आहे, कारण तो थेट घरावर येतो. तो पाठ करून सुटत नाही. त्याचा सराव करावा लागतो. दोन मुलांना समोरासमोर बसवावे, एकाने वसतिगृहातील मित्राची भूमिका घ्यावी आणि जसे प्रत्यक्षात विचारले जाते तसेच विचारावे :

“अरे, खरं सांग, तुझ्या पणजोबांना बाटायला काय मिळालं होतं? गहू की पैसे?”

पहिल्या फेरीत बहुधा असे उत्तर येते : “तोंड सांभाळून बोल. तुमच्या लोकांनी माझ्या पणजोबांना देवळात तरी येऊ दिलं होतं का?”

येथे थांबून गटाला विचारावे की या उत्तरात खोटे काय आहे. खोटे काहीच नाही. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजांतील होते, त्यांना देऊळ आणि विहीर दोन्ही बंद होत्या, आणि मुलाला हे माहीत असायलाच हवे. परंतु खरी गोष्ट त्याने मारण्यासाठी वापरली, त्यामुळे मित्राने ऐकणे बंद केले. मग दुसरी फेरी घ्यावी :

“माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा दुष्काळ होता, मिशनने धान्य दिलं, हे खरंच आहे. दुष्काळ दोन वर्षांनी सरला, तरी ते मरेपर्यंत दर रविवारी चालत उपासनेला जात. गावात त्यांना कोणी शेजारी बसवत नव्हतं, तिथे बसवलं, हेही कारण होतं. ते तसे का वागले ते मी आजीकडून ऐकलंय. आणि मी स्वतः का मानतो ते ऐकायचं असेल तर सांगतो.”

1876 ते 1878 च्या दुष्काळात आणि त्यानंतर या भागात बाप्तिस्म्यांची संख्या वाढली, हे नाकारण्यात अर्थ नाही. भाकर, शाळा, मान आणि श्रद्धा या गोष्टी त्या माणसांच्या आयुष्यात वेगवेगळ्या कप्प्यांत नव्हत्या. मात्र वरचे उत्तर नमुना म्हणून पाठ करू देऊ नये. प्रत्येकाने आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आपल्या कुटुंबाचा खरा वृत्तान्त लिहून आणावा : कोणत्या गावी, कोणत्या सुमारास, घरातील कोणी प्रथम, आणि नातेवाइकांनी काय केले. काही घरांत लक्ष्मीबाई टिळकांसारखी हकिकत निघते. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या आणि स्वतःची खात्री पटल्यावरच 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा गृहपाठ मुलांना कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक बळ देतो, कारण त्यानंतर ते ऐकीव गोष्ट सांगत नसतात.

पाचवी पायरी : पडताळणी, आणि ती आधी स्वतःची

मोबाईलवर फिरणारे दावे तपासायला शिकवताना दोन दावे उदाहरणादाखल घ्यावेत. येशू तारुण्यात भारतात येऊन शिकला, हा दावा रशियन प्रवासी निकोलाय नोटोविच याच्या 1894 च्या पुस्तकातून पसरला. लडाखमधील हेमिस मठात आपल्याला तशी हस्तलिखिते दाखवली, असे त्याने लिहिले होते. संस्कृतचे विद्वान मॅक्समुल्लर यांनी त्यावर लगेच शंका घेतली आणि 1895 मध्ये जे. आर्किबाल्ड डग्लस हे हेमिसला गेले, तेव्हा मठाच्या प्रमुखांनी असे काही घडल्याचे नाकारले. दुसरा दावा असा की येशूला देव ठरवले ते 325 मध्ये निकिया येथील सभेने. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, या आरियसच्या शिकवणीवर त्या सभेत वाद झाला हे खरे, परंतु त्याआधी दोनशे वर्षांहून अधिक काळ, इसवी सन 112 च्या सुमारास, बिथुनियाचा रोमन अधिकारी प्लिनी सम्राट त्राजानला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तुतिगीत गातात. प्लिनी ख्रिस्ती नव्हता आणि तो त्यांना शिक्षा करत होता, म्हणून त्याची साक्ष वजनदार आहे. बायबलमध्ये कोणती पुस्तके असावीत हेही निकियात ठरले नाही. नव्या कराराच्या 27 पुस्तकांची आजची यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या 367 च्या पत्रात दिसते.

हीच कसोटी आपल्या बाजूच्या दाव्यांना लावली नाही तर हा सर्व अभ्यास व्यर्थ आहे. यहोशवाच्या पुस्तकात सूर्य थांबल्याचे सांगितले आहे तो ‘हरवलेला दिवस’ नासाच्या संगणकांना सापडला, डार्विनने मृत्युशय्येवर पश्चात्ताप केला, अरारात डोंगरावर नोहाचे तारू मिळाले, हे संदेश आपल्याच मंडळीच्या गटांत फिरतात. यांतील पहिला निराधार आहे, दुसरा डार्विनच्या मुलांनीच खोडून काढला, आणि तिसऱ्याला आजवर पुरावा नाही. त्याहून हानिकारक म्हणजे वेदांत येशूचे भाकीत आहे असे सांगणारी पत्रके. मूळ ऋचा संदर्भातून तोडून, तिचा अर्थ वाकवून हिंदू मित्रापुढे ठेवणे हा त्याच्या ग्रंथाचा अनादर आहे आणि खोटी साक्षही आहे. कोणी बायबलचे वचन असे तोडून दाखवले तर आपल्याला काय वाटते, हे मुलांना आठवून द्यावे. “मला माहीत नाही, शोधून सांगतो” हे उत्तर देण्याची सवय लावावी, आणि खरोखर शोधून सांगितले की नाही याची पुढच्या बैठकीत चौकशी करावी.

सहावी पायरी : रोजचे प्रसंग

तात्त्विक वादापेक्षा गणपतीचा प्रसाद, सत्यनारायण, वर्गातील सरस्वतीपूजन हे प्रसंग अधिक वेळा येतात. मूर्तीला अर्पण केलेल्या अन्नाविषयी पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठवा ते दहावा हे अध्याय एकत्र वाचावेत. त्यात स्वातंत्र्य आहे, मर्यादा आहे आणि दुसऱ्याच्या विवेकाची काळजीही आहे. या बाबतीत पंथापंथांत आणि घराघरांत वेगवेगळी रीत आहे, म्हणून मार्गदर्शकाने आपले मत लादू नये. मुलाने आपल्या पाळकांशी किंवा फादरांशी आणि पालकांशी बोलून ठरवावे. जो न घेण्याचे ठरवतो त्याने नकार कसा द्यावा, हे मात्र शिकवता येते : “काकू, रागावू नका, आमच्यात अर्पण केलेलं घेत नाहीत. पण तुमच्या हातचं जेवायला मी नक्की येईन.” आणि मग जेवायला खरोखर जावे.

सातवी पायरी : मर्यादा आणि सुरक्षितता

संविधानाचे पंचविसावे कलम सर्वांना सद्सद्विवेकाचे आणि धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. या स्वातंत्र्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 च्या रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले. भारतीय न्याय संहितेची 299 आणि 302 ही कलमे धर्माचा हेतुपुरस्सर अपमान करणे आणि धार्मिक भावना दुखावण्याच्या इराद्याने बोलणे यांना शिक्षापात्र ठरवतात. धर्मांतराविषयीचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत, म्हणून मार्गदर्शकाने आपल्या राज्याचा सध्याचा कायदा जाणकार वकिलाकडून समजून घ्यावा. मुलांना सांगण्याचे नियम थोडे आहेत : विचारले तर उत्तर द्यावे, कोणाला भेटवस्तू किंवा मदतीशी जोडून विश्वासाविषयी बोलू नये, दुसऱ्या धर्मातील अठरा वर्षांखालील मुलांशी त्यांच्या पालकांच्या नकळत असे बोलणे टाळावे, आणि कोणाच्याही देवतेवर, संतांवर किंवा ग्रंथावर चित्र वा विनोद पुढे पाठवू नये.

समाजमाध्यमावरील भांडणात रात्री उत्तर देऊ नये. सकाळी, आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष भेटून द्यावे. गर्दीपुढे अडवून प्रश्न विचारले जात असतील तर तो संवाद राहिलेला नसतो, तेथून शांतपणे निघावे. धमकी आली तर संदेश पुसून न टाकता जपून ठेवावा आणि त्याच दिवशी पालकांना व मंडळीतील जबाबदार व्यक्तीला कळवावे.

हा क्रम साधारण दहा-बारा जणांच्या गटाला आठवड्यातून एकदा, रविवारच्या उपासनेनंतर दीड तास, अशा तीन महिन्यांत पूर्ण होतो. चौदा-पंधरा वर्षांची मुले आणि महाविद्यालयीन तरुण यांचे गट वेगळे ठेवावेत. शेवटच्या बैठकीस, सर्वांची तयारी असेल तर, एखाद्या मुलाच्या हिंदू, मुस्लिम किंवा बौद्ध मित्राला बोलवावे आणि त्याच्या श्रद्धेविषयी त्याला बोलू द्यावे. त्या दिवशी आपल्या मुलांनी फक्त प्रश्न विचारावेत, आणि त्याने आपल्याविषयी काही विचारले तरच उत्तर द्यावे. पुढच्या वर्षी या गटातील दोघा-तिघांकडे नव्या गटाच्या काही बैठका सोपवाव्यात, आणि सुरुवात पुन्हा कोऱ्या चिठ्ठ्यांनीच करावी, कारण नव्या मुलांचे प्रश्न वेगळे असतात.